वरून चाळलेली माती

प्रिय धाकटे,

जेवणाचं टेबल, तुझं पुस्तकांचं कपाट, गच्चीवरचं काचघर आणि माती चाळायची बारीक चाळणी, हे सगळं माझ्या हातचं. कुणाकडे शिकायला गेलो नाही. त्याच चाळणीने मी तुझं नुकसान केलं, ते आज लिहितो.

तू दोन बेगोनियांचा संकर करून बी धरलंस. बी कसलं, नुसती धूळ! ते ओल्या मातीवर भुरभुरलंस आणि उघडंच ठेवलंस. मला वाटलं, विसरलीस. तू बाहेर गेल्यावर मी वरून बोटभर माती चाळली. सहा आठवडे काही उगवलं नाही, तेव्हा वर मीच म्हणालो, "तुझ्या हाताला गुणच नाही गं." तू हसून "असेल दादा" म्हणालीस आणि पुन्हा कुंडीला हात लावला नाहीस.

यंदा तुझ्या पुडीतलं उरलेलं बी मी पेरलं, तुझ्यासारखंच उघडं, वर काच ठेवून. बाराव्या दिवशी हिरवी टिंबं दिसली. या बियांना उजेड लागतो. तुला ठाऊक होतं; मी विचारलं नव्हतं.

आता नऊ रोपं फुललीत, जर्दाळूच्या रंगाची. काल रोपवाटिकेचे मालक बघायला आले. "तुमचीच करामत ना?" जन्मात पहिल्यांदा म्हणालो, "नाही, बहिणीची."

हे पत्रही आधीच्या दोन पत्रांसारखं खणातच राहील. तुला तोंड दाखवायची हिंमत नाही. पण रोपं तुझी आहेत. रोपवाटिकेचे मालक नऊ रोपांना साठ हजार देत होते. मी नको म्हणालो.

तुझा,
दादा