सासऱ्यांचा मासा आणि माझा टांगता फिल्टर

९ जुलै
सासऱ्यांनी आज दीक्षा घेतली. पूर्ण वर्षावास, तीन महिने मठात. भिक्षूच्या कुटीत लढाऊ मासा शोभत नाही, म्हणून त्यांचा लाडका पांढरा मासा माझ्याकडे. शेपटी नवरीच्या झग्याच्या घोळासारखी. ऑक्टोबरच्या प्रदर्शनात पहिला येणार हे अख्ख्या नाखोन पाथोम शहराला माहीत आहे. सूचना एकच: जावईबापू, तुम्ही काहीही करू नका.
मुंडन झाल्यावर माझ्याकडे बराच वेळ बघत होते. विश्वास, दुसरं काय. माझी बायको रम्फा म्हणाली, बाबा तुमच्याकडे नाही, तुमच्या हातातल्या बरणीकडे बघत होते.

१० जुलै
बरणीतलं पाणी चहासारखं. तळाशी बदामाचं वाळकं पान, माशाला औषधी म्हणे. सासरे जुन्या वळणाचे. मासा परत देताना त्यांना थक्क करायचं ठरवलं. बारा वर्षं मला कुचकामी समजतायत, आता बघा.

१२ जुलै
काचेची छोटी टाकी आणली. मग फिल्टर. कडेला टांगायचाच घ्यायचा, हे इंटरनेटवर आधीच पक्कं केलं होतं. दुकानदार सोम्फोप म्हणाला, दादा, ह्या माशाला साचलेलं पाणीच मानवतं. अगदीच हौस असेल तर हा लहान न्या, धार कमी करायची कळ आहे, पाणी ओढायच्या नळीला स्पंज आहे.
स्वस्तातला माल खपवायची युक्ती. मी अशा बोलण्याला भुलणारा नाही. सगळ्यात मोठा घेतला. खोक्यावर मोठ्या टाकीचं चित्र आहे, पण ताकद जास्त असली तर बिघडतं कुठे?

१३ जुलै, सकाळ
बसवला. काय धबधबा! मासा एका टोकापासून दुसऱ्या टोकाला जातो, तिथून परत. स्वतः पोहत नाही, पण व्यायाम होतोच.

१३ जुलै, संध्याकाळ
टीव्ही ऐकू येत नाही. रम्फा उशी घेऊन स्वयंपाकघरात झोपायला गेली. म्हणाली, मासा आणि तुम्ही, दोघं मजेत राहा.

१५ जुलै
वीज गेली. आली तेव्हा फिल्टर नुसता गुरगुरत होता. फिल्टरच्या डब्यात हाताने पाणी ओतावं लागतं म्हणे. ओतलं. अर्धं रम्फाच्या मिक्सरमध्ये गेलं. तिने मिक्सर पुसून कपाटात ठेवला. समजूतदार बाई.

१९ जुलै
मासा कोपऱ्यात काचेला चिकटून. विश्रांती घेतोय. रम्फा म्हणाली, नळीवर माझा जुना पायमोजा बांधा, नाहीतर त्याची शेपटी आत जाईल. जर्मन तंत्रज्ञानाला पायमोजा? (जर्मन आहे की नाही पाहायला हवं.)

२० जुलै
शेपटी आत गेली.
सोडवली. पोट शाबूत आहे, डोळे जागच्या जागी आहेत. शेपटी मात्र आखूड झाली. आखूड शेपटीची फॅशन परत येतेय असं कुठेतरी वाचलं होतं, किंवा वाचेन.

२१ जुलै
रम्फाने माशाला परत बरणीत ठेवलं, बदामाच्या पानासकट. माझ्या तत्त्वात बसत नाही, पण तिचं मन राखलं. फिल्टर रिकाम्या टाकीत चालू ठेवला. पाणी काय स्वच्छ झालंय.

२४ जुलै
सकाळी भिक्षू पात्र घेऊन दारावरून गेले. सासरेही रांगेत. रम्फाने गुडघे टेकून भात वाढला. बरणी खिडकीत होती. सासऱ्यांनी तिकडे पाहिलं आणि डोळे मिटले. चांगलेच ध्यानात गेले. आशीर्वादाचं पठण मध्येच थांबलं, बाकीच्यांनी पूर्ण केलं. मी रम्फाला म्हटलं, बघ, एक शब्दही रागाचा नाही. ती म्हणाली, चीवर अंगावर आहे म्हणून.

२६ जुलै
मठातून निरोप. सासरे चीवर उतरवून घरी येतायत. वर्षावास मध्येच सोडून आमच्या गल्लीत आजवर कोणी आलेलं नाही. मुख्य भन्ते सासऱ्यांना म्हणाले, बुनलूत, असं काय अडलंय? सासरे म्हणाले, जावयाला चार शब्द सांगायचेत, ते चीवरात बोलता येत नाहीत. भन्तेंनी कोणता जावई एवढंच विचारलं, आणि उत्तर ऐकून लगेच परवानगी दिली.
उद्या सकाळी पोचतील.

२६ जुलै, दुपार
शांत डोक्याने विचार केला. सासरे आता गृहस्थ. मी आज दीक्षा घेतली, तर उद्या त्यांना माझ्यासमोर हात जोडून बसावं लागेल. भिक्षूला कोण शिव्या देणार? सायकल काढली, मठात गेलो. भन्ते म्हणाले, वस्तरा तयार आहे, चीवरही रिकामं झालंय. फक्त लग्न झालेल्या माणसाला बायकोची परवानगी लागते.

२६ जुलै, संध्याकाळ
रम्फाला विचारलं. ती भाजी चिरत होती. म्हणाली, देते की. पण आधी बाबांना येऊन जाऊ दे.