मुखपृष्ठावरची वाकडी मान

अम्मी,

तुझी मान सरळ करा, असा काल पुण्याहून फोन आला. म्हणजे तुझी नाही, मी काढलेल्या एका बाईची. पण कालपासून मला त्या बाईत आणि तुझ्यात फरक करता येईनासा झालाय, आणि हात एका जागी राहत नाहीत. स्वयंपाकघरात जाऊन ओटा दोनदा पुसून आले. कुंड्यांना पाणी घातलं, सकाळी घातलेलं असूनही. शेवटी फुकट गेलेल्या एका प्रिंटच्या मागच्या कोऱ्या बाजूवर हे लिहायला बसले. मराठीत लिहितेय याचं तुला हसू येईल. आपण घरात कधी मराठी बोललो नाही. पण शाळा मराठी, काम मराठी, आणि काही सलग लिहायचं म्हटलं की माझ्या हाताला हीच लिपी येते. घरी तुला 'तुम' म्हणायचे, इथे 'तू' होतंय. तेवढं चालवून घे.

तू गेलीस तेव्हा मी कॉलेजात होते आणि पुढे काय करणार हे माझं मलाच ठाऊक नव्हतं. मी मुलांच्या पुस्तकांची मुखपृष्ठं करते. नोकरी नाही, ज्याचं काम येईल त्याचं. आधी गोष्ट वाचायची, मग ती बाजूला ठेवून दुसऱ्या दिवशी पुन्हा वाचायची, आणि कुठल्या क्षणी डोळे अडकले ते बघायचं. मग पोस्टाच्या तिकिटाएवढी चौकट आखून त्यात पेन्सिलीने चित्र बसवायचं. एवढ्याशा चौकटीत जे कळत नाही ते मोठं करूनही कळत नाही. शीर्षकाला वरती जागा सोडायची, तीही भरपूर, कारण आपल्या अक्षरांना वेलांट्या आणि मात्रा असतात. मागच्या बाजूला किमतीचा चौकोन, मध्ये पुस्तकाचा कणा. हे सगळं सांभाळून जे उरतं, ते चित्र. रंग आता पडद्यावरच भरते, पेनसारखी एक काडी असते तिने. तुझ्या खडूच्या तुकड्यांनी फरशीवर काढायचे तेव्हा तू ओल्या फडक्याने एका फटक्यात पुसायचीस. आता मी एक बटण दाबते.

या वेळची गोष्ट एका मुलीची आहे. तिची आई घरी कपडे शिवते. शाळेतल्या नाटकाला पडदा हवा असतो, आणि मुलगी आईच्या कामातल्या उरलेल्या चिंध्या जोडून तो शिवायचा हट्ट धरते. गोष्ट वाचताना मला तू एकदाही आठवली नाहीस, हे खरं वाटणार नाही. मला आठवत होती ती आपली चौक मंडईची खोली, दाराशी चपला काढून उभ्या असलेल्या बायका, ब्लाऊजपीसची चळत, आणि दिवाळीच्या आधी तुझा चढलेला आवाज. "परसों बोली ना मैं? परसों मतलब परसों!" तू अशी समोर बसलेली मात्र नाही.

चित्र असं केलं. डावीकडे आई जमिनीवर बसून कापड कापतेय, मागे मशीन, आणि त्या कापडाचं दुसरं टोक ओढत मुलगी उजवीकडे, पुस्तक उघडतं त्या कडेकडे पळतेय. पेन्सिलीचं चित्र सगळ्यांना आवडलं. रंगीत पाठवलं आणि संपादिकेचा फोन आला. माझ्या मुलीच्या वयाची आहे, गोड बोलते, आणि गोड बोलायला लागली की मी खुर्ची ओढून बसून घेते.

"ताई, सगळं सुंदरच आहे हो. फक्त ती आई."

"काय झालं आईला?"

"मान जरा... म्हणजे आपले प्रकाशक सर म्हणाले, हिला उसण भरलीय का?"

मी हसले. तीही हसली. मग म्हणाली, "आणि चेहरा दिसला तर बरं होईल. मुलांना आईचा चेहरा लागतो."

मी मान सरळ केली. तासाभराचं काम होतं. चेहरा पुढे आणला, थोडं हसू दिलं, आणि ती बाई तिथेच मेली. माझी मुलगी अंबडच्या कंपनीत इंजिनिअर आहे. ती पाळीवरून आली, हातात चहाचा कप घेऊन माझ्या पाठीशी उभी राहिली आणि म्हणाली, "मम्मी, ये आंटी रील बना रही है क्या? कपडा किधर, देख किधर रही!" बरोबर होतं तिचं. मी पुन्हा मान वाकवून पाठवली. पुन्हा परत आली. तिसऱ्यांदा वेगळ्या कोनातून वाकवली. काल दुपारी फोन आला तो यावर. आवाज या वेळी तेवढा गोड नव्हता. "ताई, उद्या फाइल प्रेसला जायची आहे. तुम्हाला वेळ नसेल तर राहू दे, आमच्याकडे डिझाइनचा मुलगा आहे, तो सरळ करून घेईल मान. पाच मिनिटांचं काम आहे."

पाच मिनिटांचंच आहे. तेच मला लागलं. फोन ठेवला आणि खोलीत फेऱ्या घालायला लागले. मला त्या मानेचा एवढा आग्रह का, हे मलाच सांगता येत नव्हतं. चित्राला वळण म्हणून छान दिसते, एवढंच कारण माझ्यापाशी होतं, आणि ते काही भांडण्याजोगं नव्हतं. बसायचे, उठायचे. खिडकीशी जाऊन यायचे. मग जे आम्ही चित्रं काढणारे सगळेच अडलो की करतो ते केलं. चित्र उलटं केलं. उलटं म्हणजे आरशात दिसावं तसं, डावीचं उजवीकडे. आपल्या डोळ्याला आपल्या चुकांची सवय झालेली असते. चित्र फिरवलं की ते दुसऱ्याचं वाटतं आणि चूक लगेच दिसते.

मला चूक दिसलीच नाही. दिसलीस तू.

कात्री डाव्या हातात. डोकं त्या हातावरून पलीकडे झुकलेलं, जणू हाताच्या मागे काही पडलंय आणि ते तू शोधतेयस. मी खुर्चीतच मागे सरले. किती वर्षांत मला हे आठवलं नव्हतं, अम्मी. तू जेवायचीस उजव्याने, लिहायचीस उजव्याने, कुणाला काही द्यायचं तर उजव्यानेच. नानीने मारून लावलेली सवय होती ती. फक्त कात्री डावीत. तिथे नानीचा हात पोचला नव्हता. आणि कात्र्या तर सगळ्या उजव्या हाताच्या लोकांसाठी केलेल्या. डाव्या हातात धरली की वरचं पातं नेमकं डोळ्यांच्या आड येतं, खडूची रेघ दिसतच नाही. मग मान हातावरून पलीकडे काढून बाहेरच्या बाजूने बघावं लागतं. तू आयुष्यभर तसंच बघितलंस. संध्याकाळी मला पाठीमागे उभं करून मानेला तेल लावून घ्यायचीस, आणि मला वाटायचं, सगळ्यांच्याच आयांची मान दुखते.

माझ्या हाताला ती मान आठवत होती. डोक्याने मात्र काहीही न विचारता कात्री उजव्या हातात देऊन टाकली होती. उजव्या हाताच्या बाईला अशी मान वाकवायचं काही कारणच नाही. पुण्याचे सर म्हणत होते ते बरोबर होतं. हिला उसणच भरली असणार.

मग एकामागून एक यायला लागलं, आणि ते थांबेना. तू मला पहिल्यांदा कापायला दिलंस तो दिवस. कुणा शिक्षिकेच्या ब्लाऊजचं कापड होतं, चिंचेच्या पाल्याच्या रंगाचं, सुलट बाजूला चमक असलेलं. लांब बाह्या हव्या होत्या. तू माप आखलंस, भाताकडे बघायला उठलीस, आणि मी कापड दुमडून न घेता एक बाही कापली, ती तशीच शेजारी ठेवून तिच्यावरून दुसरी. दोन्ही हुबेहूब. मला वाटलं, हुबेहूब म्हणजे उत्तम. तू हात पुसत आलीस, दोन्ही उचलून बघितल्यास, आणि एकीवर एक ठेवल्यास.

"दोनों एक ही हाथ की काटी तूने. पहननेवाली के दो सीधे हाथ हैं क्या?" सीधा म्हणजे उजवा, आपल्या घरात. मी रडायच्या बेतात. तू मला फटका मारणार असं वाटलं, पण तू तिथेच बसलीस, दोन्ही तुकडे जमिनीवर पसरलेस आणि एक उलटा ठेवून दाखवलास. "देख. जोडी का मतलब एक जैसा नहीं होता. आमने-सामने होता है." मग मुंढ्याचा, म्हणजे खांद्याला जोडायचा गोलावा नव्याने आखलास, त्यात लांबी गेली आणि बाह्या कोपराच्या वर आल्या. ती शिक्षिका घ्यायला आली तेव्हा मी दाराआड. "मैंने लंबी बोली थी ना?" ती हिंदीत म्हणाली, आणि तू तुझ्या मराठीत, अगदी ठामपणे, "मॅडम, आता लंबी कोण घालते? कॉलेजच्या पोरी पण हेच घालते." ती खूश होऊन गेली. पुढच्या खेपेला तिने तसंच मागितलं.

ते जाऊ दे. काल मी फोन उचलला आणि संपादिकेला सांगितलं की मान राहणार, कात्री डाव्या हातात जाणार. कारणही सांगितलं.

"पण ताई, मुलांना काय कळणार आहे?"

"ज्यांच्या घरात शिवणकाम आहे त्यांना कळेल."

"बरं, मग असं करू. उर्दू आवृत्तीसाठी आपण हेच चित्र फ्लिप करणारच आहोत. तिकडे आपोआप डावखुरी होईल! मालेगावच्या मुलांसाठी डावखुरी, इकडे उजवी. मान दोन्हीकडे थोडी सरळ."

उर्दू पुस्तक दुसऱ्या बाजूने उघडतं, म्हणून ते चित्र उलटं करून वापरणार होते. हे मला ठाऊक होतं आणि मी त्याला होही म्हटलं होतं. आता मात्र पडद्यावर उलटं चित्र समोरच होतं, आणि तुझ्याकडून नजर काढल्यावर मला मागचं मशीन दिसलं. चाक डावीकडे गेलं होतं. असं मशीन मी जन्मात पाहिलेलं नाही. चाक उजव्या हाताला असतं, जगात कुठेही जा. मी तिला म्हटलं, मालेगावात घरोघरी मशीन आहे, पहिलं पोर चाकावर बोट ठेवेल. बाई उलटली तर मशीन चुकतं, मशीन राखलं तर बाई चुकते. दोन चित्रं करावी लागतील, समोरासमोरची.

"उद्या दुपारपर्यंत? दोन?"

"हो."

"आणि सरांना मानेचं काय सांगू?"

"कात्री आहे का ऑफिसात? डाव्या हातात धरून एक सरळ रेघ कापून बघ."

तिने फोन ठेवला. मला वाटलं, चिडली. आता तो डिझाइनचा मुलगा. मी पुन्हा उठले, पुन्हा कुंड्या. थोड्या वेळाने फोन वाजला आणि ती हसतच होती. "ताई, अहो, खरंच होते हो मान वाकडी! सरांनाही कापायला लावलं. त्यांनी बिलाचा कागद तिरका कापून ठेवला. करा तुम्ही. पण दुपारपर्यंत नक्की."

केली. उर्दूसाठी बाई आहे तशी उलटून घेतली आणि मशीन नव्याने काढलं. मराठीसाठी मशीन राहिलं आणि बाई नव्याने काढली. मुलीच्या फ्रॉकचा खिसा एका बाजूचा दुसऱ्या बाजूला गेला होता, तोही सापडला. आज दुपारी दोन्ही चित्रं गेली, आणि पोचल्याचा निरोपही आला, खाली तीन फुलं. काम संपलं की मला झोप येते एरवी. आज नाही. सगळं मनासारखं झालं, मान वाचली, कुणी पाच मिनिटांत ती सरळ केली नाही, आणि तरी मी इथे बसून कागदाच्या कडा दुमडतेय. का, ते मला ठाऊक आहे. इतका वेळ बाकीचंच सांगत बसले.

कात्रीसाठी मान लागते, पण एवढी नाही. रेघ दिसण्यापुरती पुरे असते. मी ती पहिल्या चौकटीपासूनच जास्त वाकवली होती, कात्री आठवायच्याही आधी. नंतर तिची ओढणी कपाळावरून खाली चेहऱ्यावर ओढली, आणि सगळ्यांना वाटलं, काय तल्लीन बाई आहे. तुझा एकच फोटो आहे, रेशनकार्डासाठी काढलेला. त्यात तू श्वास रोखून बसलीयस, ती काम करतानाची तू नाहीस. मी त्या फोटोवरून काढून पाहिलं. आठवून काढून पाहिलं. दर वेळी माझा चेहरा आला, एकदा मुलीचा आला. संपादिकेला हे सांगितलेलं नाही, आणि हा कागद खणातच राहणार म्हणून तुला सांगते. दोन्ही चित्रांत तुझे हात आहेत, मान आहे, मशीन बरोबर आहे. ओढणी वेगळ्या थरावर रंगवलीय, हवी तेव्हा ती लपवता येते. मघाशी मी ती लपवून बघितली. खाली नुसता सपाट रंग आहे.