वर्गणी बागेची कडी

हिंगोली,
शुक्रवार, १५ नोव्हेंबर २०२४

चि. चिन्मय यास,
आईचे अनेक आशीर्वाद.

इकडे सगळं ठीक. थंडी पडू लागली आहे. शेजारच्या संध्याचं लग्न ठरलं, मुलगा आखाडा बाळापूरचा. पत्र पाहून दचकू नकोस. फोन लावला की बाबा शेजारी येऊन बसतात, म्हणून लिहिते आहे.

आपल्या वर्गणी बागेला यंदा साठ वर्षं झाली. गल्लीतल्या घराघरानं पदरमोड करून उभी केलेली बाग, पण संध्याकाळी आता माणसांपेक्षा कुत्रीच जास्त! फाटकाला कडी लावायची आणि मगच पट्टे सोडायचे, हा रिवाज अजून तसाच आहे. बावीस वर्षं चिटणीस असलेले तुझे बाबा रविवारच्या बैठकीत ते पद सोडणार आहेत.

गल्लीतला संतराम काल घरी आला होता. "काका, काहून सोडून राहिले? कोणी काही बोललं का तुमाला?"

बाबा म्हणाले, "ज्याला कडी लावायचं ध्यानात राहत न्हाई, त्यानं बाग काय सांभाळायची?"

चिन्मय, आपला बंड्या गेला रे. दिवाळीच्या आदल्या आठवड्यात. फाटक उघडं राहिलं, तो रस्त्यावर धावला आणि टेम्पोखाली आला. व्हिडिओवर तू "दाखव ना त्याला" म्हणालास तेव्हा मी "झोपलाय" म्हणाले. दहावीत असताना शर्टात लपवून तू ते पिल्लू आणलंस, तुला कोणत्या तोंडानं सांगणार होते?

बाबांनी त्याला संतरामच्या शेताच्या बांधावर पुरलं. मी म्हटलं, बागेतच ठेवू. तर म्हणाले, बागेत समाधी नको असा नियम आहे. कोणीतरी खंडोबाचं कुत्रं म्हणून भंडारा उधळेल आणि वर्षभरात तिथं देऊळ उभं राहील. रडत होते आणि नियम सांगत होते. मला हसावं की रडावं कळेना.

तेव्हापासून ते घराच्या दाराची कडी चार-चार वेळा बघतात. गॅस बघतात. परवा डॉक्टरकडे जाऊन "माझी स्मरणशक्ती तपासा" म्हणाले. डॉक्टर म्हणाले, काही झालेलं नाही. यांना ते पटत नाही.

त्या दिवशी सकाळी बाबा बंड्याला घेऊन बागेत गेले, त्यांच्या मागून मीही गेले होते, पूजेला प्राजक्ताची फुलं वेचायला. परतताना ओंजळ भरलेली होती. कडीला हात लावायचा तर फुलं सांडली असती. कोपरानं फाटक लोटलं आणि निघाले. आधी वाटलं, लागली असेल कडी. मग वाटलं, बाबाच नंतर बाहेर येऊन गेले असतील. वीस दिवस मी स्वतःशी असाच घोळ घालते आहे. कधी खरंच आठवत नाही, कधी लख्ख आठवतं.

आज लिहिताना मात्र लख्ख आठवतंय. कडी मी लावली नाही. आणि ते स्वतःला विसरभोळे म्हणत असताना मी समोर बसून चहा गाळत राहिले. मला स्वतःचाच संताप येतो. पंचेचाळीस वर्षांच्या संसारात यांना घाबरले नाही, आता कशाला घाबरते कळत नाही.

तुझा सल्ला मागणार होते, पण हे पत्र पुण्याला पोचेपर्यंत रविवार उलटून गेलेला असेल. म्हणजे मलाच उठावं लागणार, संध्याच्या आईसमोर, संतरामसमोर, सगळ्यांसमोर. नाही, त्याआधी घरात. ते आता बाहेर दाराची कडी बघत आहेत. हा कागद पाकिटात घालण्याआधी त्यांच्याच हातात देते.

तुझी आणि बंड्याची अपराधी,
आई

ता. क. बाबांनी वाचलं. पाकिटावर तुझा पत्ता त्यांनीच लिहिला आहे.