वस्तरा हातात आला

आई,

आधी नमस्कार घे, मग पत्राला उशीर झाला म्हणून काय बोलायचं ते बोल.

मी मजेत आहे. सलूनमध्ये टिकलोय. पण आमचे मालक, त्यांना सगळे काका म्हणतात, मला गिऱ्हाइकाच्या गालाला हात लावू देत नव्हते. म्हणायचे, "तुझं लक्ष माशीमागे उडतं." म्हणून मी केस झाडायचो आणि बसलेल्यांना पेपर वाचून दाखवायचो. शाळेत धडा वाचायला पोट दुखायचं माझं, आता अग्रलेखही सोडत नाही. समोरच्या शिंप्याकडे एक पोपट आहे, तो शिव्या देतो, पण ते राहू दे.

काल मी पाणीकपातीची बातमी वाचली आणि दुकान पेटलं. एक निवृत्त मास्तर गालभर फेसासकट नगरपालिकेवर तुटून पडले. भाजीवाला म्हणाला, "मग मी पालेभाजी काय थुंकीनं भिजवू?" शेवटी काकांनी पेपरावरची तारीख पाहिली. वस्तरा पुसायला ठेवलेल्या रद्दीतला पेपर वाचत होतो मी, गेल्या वर्षीचा. भांडण मात्र अगदी ताजं.

काकांना इतकं हसू आलं की त्यांचा वस्तऱ्याचा हात स्थिर राहीना. मास्तर म्हणाले, "या हाताखाली मी मान देणार नाही. पोराला दे वस्तरा."

आई, मी पूर्ण दाढी केली. एक ओरखडा नाही.

बाबांना त्या दुखऱ्या हातानं अजून स्वतःची दाढी जमत नाही ना? कुणाला बोलवू नकोस, वाढू दे. सुट्टी मागितली आहे, येऊन मीच करतो.

तुझा,
एका जागी टिकलेला धाकटा