आधी रांजण भरणाऱ्या सोनाला

प्रिय सोने,

काल पैठणला तुझा दहावा झाला. पाय सुजलेत, कंबर धरलीय. तरी लिहायला बसले, कारण घाटावर जे झालं ते तुला सांगितल्याबिगर माझ्या जिवाला चैन नाय.

देशमुखाची सून लग्न होऊन आली, तेव्हा तिच्यासंगं आंदण म्हणून काय काय आलं? भांडी, एक गाय अन् आपण दोघी! इतर घरच्या पाठराखिणी पाच दिवसांत माघारी जातात. आपल्याला न्यायला कोण येणार? आपले आईबाप तिच्या बापाच्या घरी असंच राबत होते.

मग पोलीस ॲक्शन झाली. निजाम गेला, चावडीवर झेंडा लागला. लोक म्हणाले, आता सगळे मोकळे. आपल्यालाही कुणी येऊन सांगंल म्हणून लई वाट बघितली आपण. कुणी आलंच नाय गं! तेच शेण, तेच जातं.

शेवटी विहिरीवर ठरलं. घागरी तिथंच सोडायच्या अन् शहराची वाट धरायची. आणि तू काय म्हणालीस? "घरात बाळंतीण हाय, रांजण रिकामा हाय. एक खेप टाकून येते."

अगं, पळून जाणारी बाई आधी रांजण भरते का! मी बाभळीखाली जीव मुठीत धरून बसले. तिकडं देशमुखाच्या म्हातारीनं तुला दळायला बसवलं, अन् तू बसलीस! ऊन कलल्यावर आलीस, कोपरापर्यंत पीठ. म्हणालीस, "दळण उरकलं. चल आता." असा राग आला तुझा!

शहरात गुलमंडीच्या बाजारात कापडाच्या दुकानात गठ्ठे उचलायचं काम लागलं. पहिल्या दिवशी संध्याकाळी मालकानं विचारलं, "कल आओगी क्या, बाई?" अन् तू रडायलाच लागलीस. येणार का, असं आपल्याला कुणी कधी विचारलंच नव्हतं.

काल घाटावर देशमुखाचा नातू जीप घेऊन आला. माणूस वाईट नाय, डोळ्यांत पाणी होतं त्याच्या. म्हणाला, "मावशी, सोनाबाई आमच्या घरचंच माणूस. थोडी राख द्या, आमच्या शेतात टाकू. तिथंच राबली ती."

लोक म्हणाले, द्या की, एवढं मानानं मागतोय. सोने, मी लई थकले होते. वाद घालायची ताकद कुठून आणू? वाटलं, देऊन टाकावी अन् घरी जावं.

पण पिंडाला कावळा शिवेना! समोर बसून नुसता बघत होता. कुणी म्हणालं गोडाची इच्छा राहिली, कुणी म्हणालं माहेरची. नातवानं हात जोडले, "वर्षश्राद्ध आम्ही घालू." कावळा जागचा हलला नाय. ऊन चटके देत होतं.

मग मी उठले. राखेचं गाडगं पदराखाली धरलं अन् म्हणाले, "सोने, तुला माघारी कुणी नेणार नाय. चिमूटभरसुद्धा नाय."

आला गं कावळा! माझं बोलणं पुरं व्हायच्या आत आला. नातू खाली मान घालून उभा राहिला. मला त्याची दया आली, पण गाडगं मी सोडलं नाय.

सगळी राख गोदेत सोडली. पोरांना बजावून ठेवते, माझीही इथंच सोडा. हा माझा शब्द. तवर तुला जायचं तिथं जा, सोने. कुणाला विचारू नको.

तुझीच,
गंगू