डाव्या हाताचा दोन नंबर

१ डिसेंबर १९९७, सोमवार
आजपासून रोजनिशी. उद्या कुणी माझ्या खेळावर लिहायला बसलं तर साधन हाताशी असावं.
संध्याकाळी व्हॉलीबॉलच्या ग्राउंडवर मुज्तबानं जाहीर केलं, चार नंबरला व्यंकटच राहणार. मुज्तबा सायकलचं दुकान चालवतो आणि टीमचा कॅप्टन आहे. बॉल नेटजवळ उचलून देणारा सेटरही तोच. मी कारण विचारलं. म्हणाला, "सर, तो मारतो ना." याला कारण म्हणतात?
मी फिजिक्स शिकवतो. नांदेड-परभणीहून पोरं ट्रंका घेऊन लातुरात उतरतात ती कोन आणि वेग माझ्याकडून शिकायला. आणि चार नंबरला, नेटच्या डाव्या टोकाला, जिथं खरा हिरो उभा राहतो, तिथं व्यंकट.
पण दोन नंबर रिकामा झालाय. यासेर नोकरीला हैदराबादला गेला. मुज्तबाचं म्हणणं, त्या उजव्या टोकाला डावखुरा पाहिजे. तिथं बॉल डावीकडून येतो, डाव्या हाताला आधी सापडतो. उजव्या हातानं मारणाऱ्याला तोंडासमोरून पुढं जाऊ द्यावा लागतो, तोवर उशीर.
सव्वीस जानेवारीला किल्लारीत सामने आहेत. तोपर्यंत डावखुरा होणे.

३ डिसेंबर
संकल्प: सगळी कामं डाव्या हातानं. दाढी केली. हनुवटीला थोडं लागलं.
दुपारी डाव्या हातानं भाकरी मोडली, तर अव्वानं ताटच मागं ओढलं. पोटच्या पोराच्या हातून ताट. वर शिवकन्येकडं बघून म्हणाली, "हिचा गुण लागलाय."
शिवकन्या, माझी मंडळी, जन्माची डावखुरी. लग्न होऊन आली तेव्हा डाव्या हातानं वाढायचं नाही अशी अव्वानं तंबी दिली. आता उजव्यानं वाढते. अव्वा देवळात गेली की भाजी मात्र डाव्यानंच चिरते. मी या विषयात कधी पडलो नाही. बायकांचं बायकांनी बघावं.
जेवण उजव्या हातानं. हा अपवाद समजावा.

८ डिसेंबर
गच्चीवर प्रॅक्टिस. शिवकन्या बॉल वर टाकून देते, मी उडी मारून मारतो. म्हणजे उडी मारतो.
ती म्हणाली, "पाय उलटा पडून राहिलाय तुमचा. डाव्यानं मारायचं तर शेवटचं पाऊल उजवं पाहिजे."
मी तिला शांतपणे समजावलं, की हात खांद्याला असतो आणि पाय कमरेला, यांचा संबंध मधे कुठं येतो. ती बॉल टाकत राहिली. तिला खेळातलं काय कळणार, पण टाकते बरी. जिथं मागावा तिथं येतो. टाकणं काय, कुणालाही जमतं.
बॉल शेजारच्या साखराबाईंच्या मिरच्यांत. त्यांनी ठेवून घेतला. शिवकन्या जाऊन घेऊन आली.

१५ डिसेंबर
फळ्यावर डाव्या हातानं लिहिलं. बल आणि त्वरण हे शब्द चांगले आले. पोरांनी ते गुरं आणि तुरुंग असं वाचलं. लक्ष नसतं.
भागवत सरांनी केबिनमध्ये बोलावलं. क्लास त्यांचा. म्हणाले, पालक येऊन विचारतायत, फिजिक्सच्या सरांच्या अंगावरून वारं गेलं का. मी डावखुरेपणाचं सगळं गणित मांडलं. ऐकून घेतलं. मग म्हणाले, नांदेडला शाखा उघडून राहिलोत, तिथं कुणाला तरी पाठवायचंच हाय. बघा, कोणत्या हातानं लिहायचं ते.
प्रमोशन दिसतंय. पण किल्लारी होईपर्यंत लातूर सोडणं शक्य नाही. तूर्त उजव्या हातानं लिहीन. भागवत सरांना नाराज कशाला करा.

२२ डिसेंबर
आज ग्राउंडवर मुज्तबासमोर परीक्षा. हे ग्राउंड म्हणजे आमच्या कॉलनीमागची मोकळी जागा. त्र्याण्णवच्या भूकंपानंतर माणसं घरात झोपायला भ्यायची, इथं तंबू ठोकून राहायची. दिवसा बसून करायचं काय, म्हणून मुज्तबानं दोन बांबूंना नेट बांधलं. तंबू गेले, नेट राहिलं. व्यंकट तेव्हाच किल्लारीहून इथं नातलगांकडं आला. घर गेलेलं, घरातली माणसंही. तेव्हापासून तो फार बोलत नाही. बॉल मारतो.
मुज्तबानं मला बॉल दिले. पहिला हाताला लागला नाही. दुसरा कानाला लागला. तिसऱ्याला मीच नेटला लागलो. वारा होता.
मुज्तबा म्हणाला, "सर, बुरा मानू नका. फारूकला दोन नंबरला घेतो. तुमी राखीव राहा. जीपमध्ये जागा हाय."
राखीव म्हणजे ज्याला राखून ठेवतात. अंदाज बरोबर आहे त्याचा.

४ जानेवारी १९९८
आज शिवकन्या म्हणाली, एकदा मी मारून दाखवू का. म्हटलं, मार. मी बॉल टाकला. तिनं पदर खोचला, दोन-तीन पावलं आली आणि डाव्या हातानं मारला. जिन्याच्या पत्र्याच्या दाराला पोचा.
नवशिक्यांचा एखादा बसतो असा. कुठं शिकलीस म्हणून विचारलं. म्हणाली, शिरूर अनंतपाळला, शाळेत. पुढं काहीतरी सांगत होती, पण माझी प्रॅक्टिस राहिली होती.

१७ जानेवारी
डावा खांदा आखडला. हात झोळीत. डॉक्टरांनी विचारलं, काय उचललं होतं. काही नाही म्हणालो. ते खरंही आहे.
शिवकन्येनं तीळतेल चोळून दिलं. म्हणाली, उजव्यानंच मारा की. मी म्हटलं, तुला शास्त्र कळत नाही. चोळायचा जोर मात्र वाढला.

२६ जानेवारी, किल्लारी
सविस्तर लिहितो, कारण अफवा पसरतील.
जीपनं गेलो. अव्वा आणि शिवकन्याही आल्या. तिथल्या शाळेत पार्वतम्मा म्हणून बाई आहेत, अव्वाच्या माहेरच्या नात्यातल्या. त्यांच्याकडं उतरलो. नव्या गावात सरळ रस्ते, एकसारखी घरं. व्यंकट सामन्याआधी जुन्या गावाकडं एकटाच चालत गेला आणि आला. कुणी काही विचारलं नाही.
फायनलला शेवटच्या गेममध्ये बरोबरी झाली आणि फारूकचा पाय मुरगळला. मुज्तबानं चहूकडं बघितलं. मग माझ्याकडं बघितलं. परत एकदा चहूकडं बघितलं. मी झोळी काढली.
मुज्तबानं बॉल सुरेख दिला. डावीकडून, उंच, अगदी माझ्या डाव्या खांद्यावर. मी उडालो. त्या क्षणी कोणता हात वापरायचा याबद्दल दोन्ही हातांचा गैरसमज झाला. दोन्ही वर गेले. बॉल मधून खाली आला, नाकावर.
पुढच्याच बॉलला सामना गेला. मुज्तबानं मला कडेला आणून बसवलं. व्यंकटनं स्वतःचा रुमाल भिजवून दिला आणि नेटकडं पाठ करून उभा राहिला. या दोघांचं गप्प बसणं नाकापेक्षा जास्त झोंबलं. पण ते असो.
त्यानंतर बायकांचा सामना. किल्लारीच्या शिक्षिकांची टीम, निलंग्याविरुद्ध. त्यांच्यात एक कमी. पार्वतम्मा आमच्याकडं आल्या. मला वाटलं, नाकाची विचारपूस. त्या शिवकन्येला म्हणाल्या, "शिरूरच्या शाळेकडून जिल्ह्याला खेळलोत आपण. ये, दोन नंबर मोकळा हाय."
शिवकन्येच्या एका हातात माझं नाक होतं. तिनं अव्वाकडं बघितलं. अव्वानं पदर कमरेला खोचला. मग म्हणाली, "जा. नाक मी धरते."
सामना मला दिसला नाही. रक्त थांबावं म्हणून मान वर, त्यामुळं सगळं आभाळच. फक्त आवाज यायचा. फाट्. मग गावाचा आवाज. परत फाट्. मी अव्वाला विचारलं, कोण मारून राहिलंय.
म्हणाली, "आपली."
थोड्या वेळानं म्हणाली, "डाव्या हातानं." माझं नाक तिनं एवढं घट्ट धरलं की पुढं काही विचारता आलं नाही.

२७ जानेवारी
शिवकन्येला म्हटलं, जिल्ह्याला खेळलीस हे मला का नाही सांगितलं. म्हणाली, सांगत होते, तुम्ही परत प्रॅक्टिसला लागलात.
एक प्रश्न उरतो, तिला टीमनं घेतलं ते शेवटी कुणाबरोबर प्रॅक्टिस करून. विचार व्हावा.
दुपारी तिनं भाजी डाव्या हातानं वाढली. अव्वानं ताट पुढं केलं.

२ फेब्रुवारी, सोमवार
भागवत सरांनी नांदेडचं नाव काढलेलं नाही. बहुतेक माझ्या नाकामुळं.
सकाळच्या बॅचला पुढच्या बाकावरची अलीझा उभी राहिली. शंका असेल म्हणून मी खडू घेतला. तिनं विचारलं, "सर, शिवकन्या मॅडम तुमच्याच ना?" मी हो म्हटलं. म्हणाली, "मुज्तबाभाईनं मुलींसाठी नेट लावलंय. मॅडम शिकवणारेत. आजच्या दिवस लवकर सोडा ना."
सोडलं. मुली एकमेकींना ढकलत जिना उतरल्या. मागच्या बाकावरच्या एका पोरानं विचारलं, तुम्ही नाही गेलात, सर?
त्याला बसायला सांगितलं आणि घर्षण शिकवायला घेतलं.