टाच ओढून बघायची राहिली

सर, आज पोरीचा पाय मुरगळला. पोलीस भरतीचं ग्राउंड तोंडावर आलंय, वयाची अट बघता ही तिची शेवटचीच भरती, आणि सरावाला पळताना पाय खड्ड्यात जाऊन आत वळला. घरी आली ती लंगडत, पण हसत. घोटा टम्म सुजलाय, खाली टाचेपर्यंत काळानिळा पडलाय. शेजारच्या काकू म्हणाल्या, आंबेहळद लाव आणि चांगला चोळून काढ. मी त्यांच्यावर उगाचच खेकसले. पोरगी म्हणते, "आई, तू लई घाबरती. आता तर दुखत पण नाही." ते ऐकलं आणि मला शाळेतला माझा पाय आठवला.

श्रीरामपूरच्या शाळेत खो-खो खेळताना मी खांबाजवळ पडले होते. तुम्ही मला पाण्याच्या टाकीपाशी बसवता, गोळेवाल्याकडचा बर्फ रुमालात गुंडाळून लावता, घोट्याचं हाड मागून दाबून बघता, चार पावलं चालवता. मैत्रिणी बघतायत म्हणून मी हसते, दुखत नाही म्हणते. तुम्ही एकदम ओरडता, "हसती काय? रडली असती तर बरं झालं असतं." मग एका हातानं नडगी धरून दुसऱ्यानं टाच हळूच पुढं ओढलीत, आधी चांगल्या पायाची, मग दुखऱ्याची. "अडती हाय," म्हणालात आणि तिथंच मातीत बसलात. नंतर समजावलंत, घोट्यातली हाडं बांधणारी शीर ताणली तर दुखते, अर्धवट फाटली तर जास्तच दुखते, पण पार तुटली की कधीकधी दुखणंच कमी होतं, आणि टाच कुठं अडत नाही. माझी अर्धवटच फाटली होती. तुम्ही मला कितीतरी दिवस मैदानात येऊ दिलं नाहीत, आणि मी मनातल्या मनात तुम्हाला शिव्या घालत होते.

तुम्हाला जाऊन वर्षं झाली. हे पोचणार नाही, म्हणूनच लिहितेय.

आज पोरीचं हाड दाबून बघितलं, तिथं दुखत नाही. चालते, पण पाऊल बाहेरच्या अंगाला कलतं. चांगल्या पायाची टाच ओढली, ती अडली. दुसऱ्या पायाला हात लावला आणि म्हटलं, राहू दे, सूज आहे.

उद्या तिला नगरला हाडाच्या डॉक्टरकडे नेतेय. ते टाच ओढतील तेव्हा मी बाहेर थांबणार आहे, सर. तिला सांगून ठेवलंय, आत फक्त पेशंटलाच सोडतात.